कॅनमधला पास्ता पाहुण्यांना वाढायचा असेल तर

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या बहुतेक मराठी घरांत वरच्या कपाटात रॅव्हिओलीचे, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या चौकोनी पास्त्याचे, दोन-चार कॅन सापडतातच. काही सेलमध्ये घेतलेले, काही आधीच्या रूममेटने मागे ठेवलेले, काही विद्यापीठाच्या फूड पँट्रीतून आणलेले. एरवी ते रात्री उशिरा मायक्रोवेव्हमध्ये गरम होतात आणि अभ्यास करता करता संपतात. पण बाहेर बर्फ साचलाय, गाडी काढायची सोय नाही आणि समोरच्या बिल्डिंगमधली मंडळी जेवायला येणार आहेत, अशा संध्याकाळी नजर त्याच कपाटाकडे जाते आणि मन कचरतं. पाहुण्यांना हे वाढायचं?

वाढायचं, आणि संकोच न करता वाढायचं. फक्त दोन गोष्टी पाळा. काय वाढतोय ते पाहुण्यांना आधी सांगा आणि कॅनमध्ये पास्त्याचं नेमकं काय झालेलं असतं ते समजून घेऊन मगच त्याला हात लावा. घरात जे आहे त्यात चार माणसांना पोटभर आणि चवीचं जेवू घालणं हा मला पाहुणचाराचा सगळ्यात खरा प्रकार वाटतो. हातात पैसे आणि वेळ दोन्ही कमी असतात त्या वर्षांत माणसांना घरी बोलवायचं थांबवू नये, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

हा पास्ता आला कुठून

कॅनमधल्या पास्त्याकडे नाक मुरडणाऱ्यांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत या पदार्थाचा सगळ्यात ओळखीचा ब्रँड म्हणजे ‘शेफ बॉयार्डी’. त्यामागे एक खरा शेफ होता. एत्तोरे बोइयार्दी १८९७ साली उत्तर इटलीत पिआचेन्झा भागात जन्मला, १९१४ मध्ये अमेरिकेत आला, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काम करत करत ओहायोतल्या क्लीव्हलँडला पोचला आणि तिथे त्याने स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. जेवून गेलेले लोक त्याचा सॉस घरी न्यायला मागू लागले, तेव्हा तो दुधाच्या बाटल्यांत भरून द्यायचा. १९२८ मध्ये त्यातून कारखाना उभा राहिला. सुरुवातीच्या दिवसांत विकला जायचा तो एक संच होता: कोरडी स्पॅगेटी, सॉस आणि किसलेलं चीज. लोकांना आडनाव उच्चारता यावं म्हणून त्याने ते तुकडे पाडून लिहिलं, ‘बॉय-आर-डी’. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या मिल्टनच्या कारखान्यातून सैन्यासाठी जेवण गेलं आणि १९४६ मध्ये त्याने कंपनी विकली.

म्हणजे हा पदार्थ जन्माला आला तोच मुळी रेस्टॉरंटच्या टेबलावरून लोकांच्या घरी चार माणसांचं जेवण पोचावं म्हणून. मुलांचं खाणं ही त्याची ओळख नंतर घट्ट झाली. १९६५ मध्ये कॅम्पबेल कंपनीच्या डोनाल्ड गर्की यांनी ‘स्पॅगेटीओज’, म्हणजे बारीक गोल कड्यांचा पास्ता, आणला. लांब स्पॅगेटी कॅनमध्ये तुटते आणि मुलांना खाताही येत नाही. बारीक कडी मात्र शाबूत राहते आणि चमच्यात नीट बसते. हा आकाराचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कॅन निवडताना उपयोगी पडेल.

कॅनमध्ये काय होतं

अर्धवट शिजवलेला पास्ता आणि सॉस कॅनमध्ये भरतात, कॅन हवाबंद करतात आणि मग दाबाखालच्या वाफेत साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. आपला प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो, कारखान्यातलं यंत्र फक्त फार मोठं असतं. या उष्णतेने जंतू मरतात, पण पास्ताही गरजेपेक्षा खूप जास्त शिजतो. नंतर कपाटात महिनोन्‌महिने तो सॉसमधलं पाणी पीत राहतो. त्यामुळे कॅन उघडता तेव्हा तुमच्यासमोर पूर्ण शिजलेला, फुगलेला, अगदी नाजूक झालेला पास्ता असतो.

सॉसची गोष्ट वेगळी. तो बहुधा गोडसर असतो, कॉर्नस्टार्चने घट्ट केलेला असतो आणि त्यात मीठ भरपूर असतं. आंबटपणा, तिखटपणा आणि भाजलेल्या लसणीचा वास या तीन गोष्टी त्यात कमी पडतात.

यातून सगळी कृती ठरते. पास्त्याला आणखी उकळायचं नाही आणि ढवळायचं तर मुळीच नाही. सॉस वेगळा काढून त्याला परतायचा, आटवायचा, आंबट-तिखट करायचा. वर काहीतरी कुरकुरीत घालायचं आणि शेजारी काहीतरी कच्चं, ताजं ठेवायचं, कारण सगळं पान मऊ असेल तर चार घासांत कंटाळा येतो. यानंतर दिलेली प्रत्येक पायरी या तीन-चार गोष्टींसाठीच आहे.

कॅन निवडताना

आपल्या पाहुण्यांच्या दृष्टीने इथे सगळ्यात जास्त काळजी लागते. रॅव्हिओलीचा दुकानात सर्रास दिसणारा कॅन हा बीफचा असतो. ‘बीफ रॅव्हिओली’ असं समोर लिहिलेलं असतं, पण घाईत फक्त चित्र बघून कॅन टोपलीत टाकला जातो. मीटबॉल असलेल्या कॅनमध्ये कोंबडी, डुक्कर, गाय यांपैकी एकाहून जास्त प्रकारचं मांस मिसळलेलं असू शकतं. पाहुणे मांसाहारी आहेत एवढं कळलं म्हणजे काम झालं असं नाही. चिकन-मटण आवडीने खाणारी अनेक मराठी माणसं बीफ खात नाहीत आणि मुसलमान मित्र-मैत्रिणींना डुकराचं मांस चालत नाही. म्हणून घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

वाचण्याआधीची एक सोपी खूण आहे. अमेरिकेत ठरावीक प्रमाणाहून जास्त मांस असलेल्या पदार्थावर कृषी खात्याच्या तपासणीचा गोल शिक्का असतो. तो दिसला की आत मांस आहे हे नक्की. मात्र शिक्का नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं समजू नका. अगदी थोडं मांस किंवा मांसाचा अर्क असेल तर शिक्का नसतोही. यादी वाचण्याला पर्याय नाही.

चीज रॅव्हिओली घेतलीत तर यादीत ‘एन्झाइम्स’ हा शब्द येतो. चीज बनवताना दूध साकळवायला लागणारं रेनेट वासराच्या पोटातून काढलेलं असू शकतं किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलंही. नुसत्या ‘एन्झाइम्स’ या शब्दावरून ते कळत नाही. काटेकोर शाकाहारी पाहुणे असतील तर ‘व्हेजिटेरियन’ असं स्पष्ट छापलेला कॅनच घ्या आणि वरून घालायचं चीजही तसंच पाहून घ्या. इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटशिवाय बनतच नाही, तसा तिथला नियमच आहे. तेव्हा या पंक्तीत ते बाजूला ठेवा. पास्त्यात अंडंही असू शकतं. अमेरिकेत दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, झाडावरचे सुकामेवे, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे मासे आणि २०२३ पासून तीळ, या नऊ गोष्टी लेबलवर स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. त्या यादीखाली ‘कन्टेन्स’ या ओळीत एकत्र मिळतात, ती ओळ नसेल तर घटकांच्या यादीतच सांगितलेल्या असतात. कांदा-लसूण मात्र त्या ओळीत येत नाही. चातुर्मास पाळणारे कुणी असतील किंवा जैन मित्र असतील, तर कॅनमधला जवळजवळ कुठलाच पास्ता त्यांना चालणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा साधा पास्ता शिजवून तूप, मिरी आणि टोमॅटोवर परता. दहा-बारा मिनिटांचं काम आहे.

मीठही बघा. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सोडियमची (मिठातून येतं ते) दिवसाची मर्यादा २,३०० मिलिग्रॅम धरली आहे. लेबलवर टक्केवारी असते. ५ टक्के किंवा कमी म्हणजे थोडं, २० टक्के किंवा जास्त म्हणजे भरपूर. कॅनमधल्या पास्त्यात एका कपाला या मर्यादेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त सोडियम असणं नेहमीचं आहे. रक्तदाबाचं किंवा किडनीचं पथ्य असलेले काका-काकू येणार असतील तर त्यांच्यासाठीही तो वेगळा साधा पास्ताच बरा.

आकारांमध्ये पाहुण्यांसाठी रॅव्हिओली पहिली. सारणामुळे तिला थोडा आधार असतो आणि थर लावता येतात. कड्यांचा पास्ता सुपासाठी चांगला. लांब स्पॅगेटीचा कॅन मी जेवणाच्या पानासाठी घेणार नाही. ती ताटात उचलली की तुटते.

उघडण्याआधी

कॅन फुगलेला असेल, गळत असेल, गंज आरपार गेला असेल, किंवा शिवणीवर चेपला असेल तर तो सरळ टाकून द्या. चेपलेल्या खड्ड्यात बोट बसण्याइतकी खोली असेल तरीही टाकाच. उघडताना आतला पदार्थ फसकन बाहेर उडाला तरी तेच. अशा कॅनमध्ये बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष असू शकतं आणि ते वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, म्हणून ‘जरा चाखून बघू’ हा विचारही नको. वरवरचा किरकोळ पोचा असेल तर हरकत नाही.

‘बेस्ट बाय’ची तारीख उत्तम चवीसाठी असते. कॅन चांगल्या स्थितीत असेल तर तारीख थोडी उलटल्याने अन्न विषारी होत नाही. पण टोमॅटो आंबट असल्यामुळे कॅनच्या धातूवर त्याचा परिणाम होत राहतो, म्हणून टोमॅटोचे पदार्थ साधारण दीड वर्षाच्या आत वापरलेले बरे. पाहुण्यांसाठी जुना कॅन काढू नये, हे माझं मत.

झाकण साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून मगच उघडा. कॅन थेट गॅसवर किंवा ओव्हनमध्ये कधीही ठेवू नका.

मुख्य पदार्थ: थरांची भाजलेली रॅव्हिओली, सहा जणांसाठी

कॅनमधल्या पास्त्याचा पाहुण्यांना वाढण्यासारखा सगळ्यात चांगला पदार्थ हाच. अमेरिकन घरांत याला आळशी माणसाचं लझान्या म्हणतात, कारण लझान्याच्या पट्ट्या आणि सारण यांचं काम रॅव्हिओली एकटीच करते.

लागणारं सामान: चीज रॅव्हिओलीचे १५ औंसांचे (४२५ ग्रॅम) ४ कॅन, गोठवलेल्या पालकाचं १० औंसांचं पाकीट, रिकोटाचा १५ औंसांचा डबा, कमी ओलाव्याचं मोझरेला ८ औंस (सुमारे २२५ ग्रॅम), अख्खी वडी घेऊन घरी किसलेलं, एक मध्यम कांदा, लसणीच्या ६-७ पाकळ्या, टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे, ऑलिव्ह तेल, चिली फ्लेक्स, मिरी, एक लिंबू, ब्रेडच्या ३ शिळ्या चकत्या, थोडं लोणी. बेसिल किंवा पार्सली मिळाली तर उत्तम. रिकोटा नसेल तर इंडियन स्टोअरचं पनीर किसून, दोन-तीन चमचे दुधात मळून घ्या. भांडं ९ बाय १३ इंचांचं.

आधी पालक. तो पूर्ण वितळू द्या आणि मग मुठीत घेऊन पिळा, पुन्हा पिळा, स्वच्छ पंचात बांधून आणखी एकदा पिळा. आश्चर्य वाटेल इतकं पाणी निघतं. ते राहिलं तर शेवटी ट्रेच्या तळाशी लालसर पाणी साचतं आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. पिळलेला पालक मोकळा करून रिकोटात घाला, भरपूर मिरी आणि अर्ध्या लिंबाची किसलेली साल घाला. मीठ घालू नका.

आता कॅन. मोठ्या भोकांची चाळणी एका पातेल्यावर ठेवा. कॅन आडवा धरून हळूहळू रिकामा करा. उलटा करून धाडकन आपटलात तर खालची रॅव्हिओली फुटते. चार-पाच मिनिटं निथळू द्या, चाळणी हलकेच कलती करा. रॅव्हिओलीला थोडा सॉस चिकटून राहील, राहू द्या. नंतर तेल लावलेल्या पसरट ताटात ती एका थरात मांडून फ्रिजमध्ये ठेवा. शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे अर्ध्या तासात रॅव्हिओली उचलण्याइतकी दणकट होते. ही पायरी वाचणारे बरेच जण गाळतात आणि मग थर लावताना लगदा होतो. वेळ कमी असेल तर दुसरं काहीही गाळा, हे गाळू नका.

रॅव्हिओली गार होईपर्यंत सॉस. पसरट कढईत तीन मोठे चमचे तेल, त्यात बारीक चिरलेला कांदा. मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत परता. लसूण ठेचून घाला, अर्धा चमचा चिली फ्लेक्स घाला, अर्धा मिनिट वास सुटू द्या. मग टोमॅटो पेस्ट घालून परतत राहा. तिचा भडक लाल रंग विटेसारखा गडद होतो आणि तेल सुटू लागतं, तिथवर न्या. आपण भाजीचा मसाला तेल सुटेपर्यंत परततो तीच सवय इथे कामाला येते. आता कॅनमधून निथळलेला सॉस ओता. स्टार्चमुळे तो तळाला लागतो, म्हणून चमचा फिरवत राहून आठ-दहा मिनिटं आटवा. उतरवल्यावर एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा रेड वाइन व्हिनेगर घाला, मिरी घाला आणि चाखा. गोडपणा मागे हटून आंबट-तिखट चव पुढे आली पाहिजे. आली नसेल तर आणखी लिंबू. साखर अजिबात नको, मीठ तर नकोच.

गरम मसाला, धणे-जिरे, कढीपत्ता यांचा मोह होईल. मी टाळतो. लसूण, मिरची, मिरी यांनी ही चव उघडते; गरम मसाल्याने ती ना इटालियन राहते ना आपली होते. बडीशेप मात्र चालते. अर्धा चमचा भरड कुटून कांद्याबरोबर परता. इटालियन सॉसेजमध्येही तीच असते, त्यामुळे मांस न घालता त्याची आठवण येते.

थर लावणं. भांड्याला तेल लावा. तळाशी सॉसचा पातळ थर, त्यावर अर्धी रॅव्हिओली शेजारी शेजारी, पसरट उलथन्याने उचलून. त्यावर पालक-रिकोटाचे छोटे छोटे गोळे टाकून हलकेच पसरा, थोडं मोझरेला भुरभुरा. मग उरलेली रॅव्हिओली, उरलेला सॉस, वर उरलेलं मोझरेला. ब्रेडच्या चकत्या हाताने चुरून लोणी आणि ठेचलेल्या लसणीच्या एका पाकळीबरोबर तव्यावर हलक्या सोनेरी करून ठेवा. हा चुरा आत्ता घालायचा नाही, शेवटच्या टप्प्यात.

ओव्हन ३७५ अंश फॅरनहाइटला (१९० सेल्सिअस) आधी तापवा. भांड्यावर फॉइल सैलसर झाका आणि २० मिनिटं ठेवा. फॉइल काढा, ब्रेडचा चुरा पसरा, आणखी १५ मिनिटं ठेवा. कडेने बुडबुडे आले, मध्यभागी थर्मामीटर १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) दाखवू लागला की झालं. भांडं काचेचं असेल तर ते ब्रॉयलरखाली (ओव्हनच्या वरच्या थेट आचेखाली) ठेवू नका, आणि फ्रिजमधून काढलेलं गार काचेचं भांडं थेट तापल्या ओव्हनमध्येही घालू नका, काच तडकते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. लगेच चमचा घातलात तर सगळं वाहून जातं, थांबलात तर चौकोनी तुकडे उठतात.

सुरुवातीला काही हातात द्यायचं असेल

मिझुरीतल्या सेंट लुइस शहरात ‘द हिल’ नावाची इटालियन वस्ती आहे. तिथली ‘टोस्टेड रॅव्हिओली’ प्रसिद्ध आहे: ब्रेडक्रम्स लावून तळलेली, सॉसमध्ये बुडवून खायची. तिथे ती ताज्या किंवा गोठवलेल्या रॅव्हिओलीची करतात, पण कॅनच्याही बऱ्या होतात. एक कॅन निथळा, रॅव्हिओली गार पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन पेपर टॉवेलवर टिपा आणि तासभर फ्रिजमध्ये उघड्या ठेवा. मग मैद्यात घोळवा, फेटलेल्या अंड्यात बुडवा (अंडं नको असेल तर दूध आणि कॉर्नफ्लोअरची दाटसर पेस्ट), आणि ब्रेडक्रम्समध्ये घोळवा. तेलाचा फवारा मारून ४२५ अंश फॅरनहाइटला १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. एअर फ्रायर असेल तर त्याहून लवकर होतात. कढईत तळू नका. आतला ओलावा जास्त असतो, रॅव्हिओली फुटते आणि तेल अंगावर उडतं.

लहान मुलं असतील तर, किंवा ओव्हन नसेल तर

मुलांसाठी कड्यांचा एक कॅन वेगळा, साधा गरम करून ठेवा. मुलांना तो तसाच आवडतो, त्यावर प्रयोग नको.

मोठ्यांसाठी ओव्हन नसेल तर त्याच कड्यांचं बीन्स घातलेलं सूप करा. तेलात कांदा, गाजर, सेलरी मंद आचेवर मऊ करा, लसूण घाला, मीठ नसलेला व्हेजिटेबल स्टॉक चार कप, धुतलेल्या पांढऱ्या बीन्सचा एक कॅन आणि टोमॅटोचा लहान कॅन घालून पंधरा मिनिटं उकळा. पास्त्याचे दोन कॅन अगदी शेवटी घाला, फक्त तीन मिनिटं, आणि उतरवा. वरून लिंबू, मिरी, ऑलिव्ह तेल. सोबत तव्यावर कुरकुरीत केलेला लसणीचा पाव द्या. चौघांचं जेवण होतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांकडे टिनमधली स्पॅगेटी टोस्टवर घालून खाण्याची जुनी पद्धत आहेच. पाहुण्यांसाठी करायची तर जाड, चांगला भाजलेला पाव, वर आटवलेली स्पॅगेटी, त्यावर चेडर, आणि ग्रिलखाली तीन-चार मिनिटं. ही संध्याकाळच्या चहाची गोष्ट आहे, रात्रीच्या जेवणाची नव्हे.

पानात बाजूला काय

कच्चं आणि करकरीत काहीतरी हवंच. रोमेन लेट्यूस, काकडी, लाल कांद्याचे पातळ काप, लिंबू, तेल, मिरी. ड्रेसिंग वाढायच्या क्षणी घाला. आपली काकडीची कोशिंबीरही शोभते, पण दह्याऐवजी लिंबाची करा, कारण पानात चीज आधीच भरपूर आहे. शेंगदाण्याचं कूट घालण्याआधी कुणाला ॲलर्जी आहे का ते विचारा. अमेरिकेत वाढलेल्या मुलांमध्ये हा प्रश्न गंभीर असू शकतो. गोड म्हणून संत्र्याच्या फोडी किंवा द्राक्षं पुरतात. एवढ्या जड जेवणानंतर श्रीखंड-पुरीचा घाट घालू नये.

वेळ कशी बसवायची

साडेसातला जेवायचं असेल तर पालक सकाळीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवा. पाच वाजता कॅन तपासून निथळायला घ्या, रॅव्हिओली फ्रिजमध्ये जाऊ द्या. साडेपाचला सॉस, सहा वाजता पालक-रिकोटा आणि ब्रेडचा चुरा. सव्वासहाला ओव्हन लावा आणि थर रचा, पावणेसातला भांडं आत. सात वीसला ते बाहेर येतं आणि पाहुणे कोट काढून बसेपर्यंत वाढण्याजोगं होतं. स्वयंपाकघर तोवर आवरून होतं, ही या पदार्थाची मला आवडणारी बाजू. यजमान शेवटच्या क्षणी कढईशी झुंजत नाही, गप्पांत असतो.

पाहुण्यांना सांगायचं कसं

निमंत्रणाच्या फोनवरच विचारा: “वहिनी, आज पास्ता करतोय. काही वर्ज्य आहे का तुम्हाला? अंडं चालतं ना?” उत्तरावरून कॅन बदलायला वेळ मिळतो. वाढताना एक सरळ वाक्य पुरतं: “रॅव्हिओली कॅनमधली आहे, सॉस मी घरी परतून केलाय. काका, यात मांस नाही, चीज व्हेजिटेरियन आहे.” एवढं बोललात की विषय संपतो. “काहीच करता आलं नाही हो, गोड मानून घ्या” असं मात्र म्हणू नका. त्यामुळे पाहुण्यावर तुमची समजूत काढण्याचं ओझं पडतं आणि पहिला घास घेण्याआधीच पदार्थ उणा ठरतो.

कॅन लपवूनही ठेवू नका. रिकामे कॅन रीसायकलिंगमध्ये टाकले तरी एक लेबल काढून ओट्यावर ठेवा. जेवताना कुणाला काही शंका आली, एखाद्या मुलाच्या ओठांना खाज सुटली, तर घटकांची यादी लगेच हाताशी हवी. खऱ्या पाहुणचारात माणसाला आपण काय खातोय हे माहीत असण्याचा हक्क आधी येतो, कौतुक नंतर.

एक प्रश्न हमखास येतो: घरचा स्वयंपाक उत्तम करणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे वाढावं का? वाढावं. त्यांना मऊ पदार्थ चावायला सोपा जातो, थर सुटसुटीत खाता येतात आणि आंबट-तिखट सॉस त्यांच्या जिभेच्या ओळखीचा असतो. सोबत त्यांच्यासाठी थोडा दहीभात तयार ठेवा. तो खाल्ला गेला तरी वाईट वाटून घेऊ नका. त्या वयात रात्री भाताशिवाय चैन पडत नाही.

उरलं तर

जेवण सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत उरलेलं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. ४० ते १४० अंश फॅरनहाइट (४ ते ६० सेल्सिअस) या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. खोल पातेल्यात ठेवलंत तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत भरा. कॅन अर्धा वापरला असेल तर उरलेलं कॅनमध्येच न ठेवता काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात काढा. पदार्थाला धातूची चव लागते. तीन-चार दिवसांत संपवा.

पाहुण्यांसोबत डबा द्यायचा असेल तर झाकणावर तारीख लिहून द्या, आणि गरम करताना मायक्रोवेव्हऐवजी नॉनस्टिक तव्यावर थोड्या तेलात चौकोन दोन्ही बाजूंनी खरपूस करायला सांगा. मधला भाग पुन्हा १६५ अंशांपर्यंत तापला पाहिजे. तव्याला लागलेली चीजची कड दुसऱ्या दिवशी इतकी छान लागते की मी मुद्दाम एक चौकोन मागे ठेवतो.